ताई, ताक टाक!

मुलांनो, आधी एक वाक्य मोठ्यानं म्हणा : ‘ताई, ताक टाक!’ आता तेच अगदी सावकाश म्हणा आणि तोंडात जीभ कुठे कुठे जाते तिकडे लक्ष द्या. ‘ताक’मधला त म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांना आतून टेकतं. ‘टाक’मधला ट म्हणताना तेच टोक मागे वळतं आणि टाळूला लागतं. किती सोपं! ताक प्यायचं असतं आणि टाक म्हटलं की टाकायचं असतं. यात कुणाचा गोंधळ होईल का?

होतो! लंडन किंवा टोरांटोमध्ये वाढलेल्या आणि फक्त इंग्रजी बोलणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाला हे वाक्य ऐकवा. त्याला ताक आणि टाक हे दोन्ही शब्द बहुतेक एकसारखेच ऐकू येतील. त्याचे कान ठणठणीत असतात, हुशारीतही तो कमी नसतो. मग होतं काय? इंग्रजी माणूस ‘टेबल’ म्हणतो तेव्हा त्याची जीभ दातांना टेकत नाही आणि मागे वळूनही जात नाही. ती दातांच्या मागच्या हिरडीच्या उंचवट्याला लागते, म्हणजे आपल्या त आणि ट यांच्या साधारण मधोमध. तिथे त्याच्या भाषेत एकच आवाज आहे. म्हणून आपले दोन आवाज ऐकले तरी त्याचा मेंदू म्हणतो, ‘हे दोन्ही एकच.’

आता खरी गंमत ऐका. हाच माणूस सहा महिन्यांचं बाळ होता, तेव्हा त्याला त आणि ट यांतला फरक कळत होता!

सहा महिन्यांच्या बाळाची परीक्षा

तुम्ही लगेच विचाराल, ‘बाळाला बोलता येत नाही, मग त्याला काय कळतं ते आपल्याला कसं कळणार?’ प्रश्न अगदी रास्त आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या दोन शास्त्रज्ञांसमोरही हाच प्रश्न होता. तो सोडवायला त्यांनी एक छान युक्ती वापरली.

बाळ आईच्या मांडीवर बसलेलं असतं. एका बाजूच्या ध्वनिक्षेपकातून एकच आवाज पुन्हा पुन्हा येत राहतो : टा, टा, टा, टा... मध्येच तो बदलतो : ता, ता, ता... आवाज बदलला की लगेच त्या बाजूच्या काळपट डब्यात दिवा लागतो आणि आतला खेळण्यातला प्राणी हलायला लागतो. बाळ खूश! थोड्याच वेळात बाळाच्या लक्षात येतं की आवाज बदलला की तिकडे मजा दिसते. मग आवाज बदलल्याबरोबर, दिवा लागायच्या आधीच, ते मान वळवून डब्याकडे बघायला लागतं. आवाज बदलल्याचं कळलंच नाही, तर बाळ मान कशाला वळवेल? म्हणजे मान वळली की समजायचं, फरक कळला. आईनं नकळत इशारा करू नये म्हणून तिच्या कानांवर हेडफोन असत आणि त्यांतून गाणी चालू असत.

या प्रयोगातली बाळं इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली होती. त्यांना ऐकवलेले ट आणि त हिंदीतले होते, आणि हे दोन आवाज मराठीतही आहेत. शिवाय कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या एका भाषेतले, घशाच्या मागच्या भागातून निघणारे दोन आवाजही त्यांना ऐकवले होते. वर्कर आणि टीस यांचा निबंध १९८४ मध्ये छापून आला आणि जगभरच्या अभ्यासकांना अचंबा वाटला. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हे फरक कळत होते. आठ ते दहा महिन्यांच्या बाळांपैकी कमी जणांना कळत होते. आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी अगदी थोड्यांनाच कळत होते. मग हिंदी बोलणाऱ्या घरांतली वर्षभराची बाळं? ती ट आणि त बरोबर ओळखत होती!

म्हणजे वाढदिवसाचा पहिला केक कापायच्या आतच बाळाच्या मेंदूत केवढी तरी उलथापालथ होऊन गेलेली असते. ती काय असते, ते समजून घ्यायला बाळाच्या डोक्यात शिरायला हवं.

फट ओलांडणारा निरोप

आपला मेंदू चेतापेशींचा बनलेला असतो. मोठ्या माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी असतात. प्रत्येक पेशीला बारीक बारीक फांद्या फुटलेल्या असतात. या फांद्या दुसऱ्या पेशींच्या अगदी जवळ जातात, पण चिकटत नाहीत. मध्ये एक फट राहते. ती इतकी अरुंद असते की तशा सुमारे ५०,००० फटी शेजारी शेजारी ठेवल्या तर एक मिलिमीटर होईल!

पेशी एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, हे स्पेनमधल्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी ओळखलं. त्यांना लहानपणी चित्रकार व्हायचं होतं, पण वडिलांनी त्यांना डॉक्टर केलं. त्यांची चित्रकला मात्र वाया गेली नाही. सूक्ष्मदर्शकातून मेंदूचे काप बघत त्यांनी पेशींची शेकडो चित्रं काढली. ती इतकी अचूक आहेत की आजही शास्त्रज्ञ ती आनंदानं बघतात. १९०६ मध्ये काहाल यांना इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. पेशींना रंग देऊन त्या स्पष्ट दिसतील अशी पद्धत गोल्जींनी शोधली होती, आणि काहाल यांनी तीच वापरली होती. पण गोल्जींचं म्हणणं असं की साऱ्या पेशी मिळून एक सलग जाळं असतं, आणि काहाल म्हणत की प्रत्येक पेशी वेगळी असते. दोघांचं मत विरुद्ध आणि बक्षीस एकत्र! पुढे काहाल यांचंच म्हणणं खरं ठरलं.

दोन पेशी जिथे एकमेकींजवळ येतात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. आपण तिला ‘जोड’ म्हणू या. पेशीतून निरोप विजेच्या रूपात धावत येतो. फटीपाशी आला की पेशी काही रसायनं सोडते, ती फट ओलांडतात आणि पलीकडची पेशी ती पकडते. झालं, निरोप पोचला! तुम्ही आत्ता हे वाक्य वाचताय तेवढ्या वेळात तुमच्या डोक्यात असे असंख्य निरोप इकडून तिकडे जाऊन आलेत.

आता आपल्या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची बाब. सगळे जोड सारख्याच ताकदीचे नसतात आणि त्यांची ताकद कायम तेवढीच राहत नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये एका पुस्तकात असा विचार मांडला, की एक पेशी दुसरीला पुन्हा पुन्हा जागं करत राहिली तर त्या दोघींमधला जोड पक्का होत जात असणार. तेव्हा तो नुसता अंदाज होता. १९७३ मध्ये टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूत हे घडताना नोंदवलं. एका मार्गानं झपाट्यानं निरोप पाठवले, की त्यानंतर कितीतरी तास त्या मार्गावरचे जोड जास्त जोरानं काम करत राहिले! पुढे कारणही कळलं. जोड पक्का होतो तेव्हा पलीकडची पेशी निरोप पकडणारे रेणू वाढवते. त्यामुळे तेवढ्याच रसायनाला ती जास्त जोरात उत्तर देते.

म्हणजे बाळाच्या कानावर ‘ताक’, ‘ताट’, ‘तूप’, ‘टोपी’, ‘टाळी’ असे शब्द दिवसभर पडतात, तेव्हा ते आवाज वेगवेगळे ओळखणारे जोड एकसारखे वापरले जातात. वापरता वापरता ते पक्के होतात.

जास्तीचे जोड जातात कुठे?

जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूत बहुतेक सगळ्या चेतापेशी तयार असतात. तरी तो मेंदू ३५० ते ४०० ग्रॅमचाच असतो आणि मोठेपणी त्याचं वजन १,३०० ते १,४०० ग्रॅम भरतं. पेशी फारशा वाढत नाहीत, मग वजन कसं वाढतं? पेशींना फांद्या फुटतात, त्यांच्यावर वेष्टणं चढतात आणि जोड तयार होतात. खूप जोड! लागतील त्याहून कितीतरी जास्त!

शिकागोतले मुलांचे डॉक्टर पीटर हटनलॉकर यांनी हे जोड चक्क मोजले. मरण पावलेल्या, वेगवेगळ्या वयांच्या माणसांच्या मेंदूचे अतिपातळ काप घ्यायचे, ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे आणि एकेक जोड मोजायचा. केवढं चिकाटीचं काम! १९७९ मध्ये त्यांनी लिहिलं की मेंदूच्या पुढच्या भागात एक-दोन वर्षांच्या मुलांचे जोड मोठ्या माणसांपेक्षा सुमारे दीडपट दाट असतात.

मग हे जास्तीचे जोड पुढे जातात कुठे? त्यांची छाटणी होते. नाशिक किंवा सांगलीकडच्या मुलांनी द्राक्षबागेतली छाटणी पाहिली असेल. ऑक्टोबरच्या सुमारास शेतकरी वेलीच्या काड्या कापतो, पुढे नको असलेल्या फुटी काढून टाकतो, आणि म्हणूनच उरलेल्या काड्यांवर घड चांगले भरतात. सगळंच ठेवलं असतं तर वेल नुसतीच माजली असती. मेंदूतही तसंच होतं. फरक एवढाच की इथे कात्री चालवणारा शेतकरी नसतो. जे जोड वापरले जातात ते राहतात आणि जे पडून राहतात ते कमजोर होऊन निघून जातात. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या छोट्या पेशी साफसफाई करत फिरत असतात. त्या कमजोर जोड गिळून टाकतात, हे शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत पाहिलं आहे.

ही छाटणी सगळीकडे एकाच वेळी होत नाही. ऐकण्याच्या आणि बघण्याच्या भागांत ती लवकर होते. कपाळामागचा भाग विचार करतो, बेत आखतो, राग आवरतो. तिथे ती सावकाश चालते. तुमच्या कपाळामागे ती आत्ताही चालू आहे आणि तुम्ही कॉलेजात जाल तेव्हाही चालू असेल!

आता इंग्रजी घरातल्या त्या बाळाचं कोडं सुटलं ना? त्याच्याभोवती ट आणि त हे वेगवेगळे आवाज कुणी बोलतच नव्हतं. मेंदूनं पाहिलं की या फरकाचा काही उपयोग होत नाहीये. मग त्यानं आपली ताकद इंग्रजीतले आवाज नीट ओळखण्यात घातली. आणि खरंच, पहिल्या वर्षात बाळ परक्या आवाजांत कच्चं होत जातं तेव्हाच आपल्या घरच्या आवाजांत पक्कं होत जातं.

तुमच्या मेंदूनं काय ठेवलं?

आता तुमचीच परीक्षा. हे वाक्य वाचा : ‘या जगात आनंदानं जग.’ ‘जगात’मधला ज आणि शेवटच्या ‘जग’मधला ज सारखाच आहे का? पुन्हा म्हणून बघा. दुनिया म्हणजे जग, त्यातला ज ‘ज्य’सारखा. जगणं म्हणजे जग, त्यातला ज ‘झ’च्या बाजूला झुकलेला, दातांजवळून येणारा. लिहिताना दोन्ही सारखेच लिहितो. कोणता ज कुठे म्हणायचा याचा नियम पाठ केल्याचं तुम्हाला आठवतं का? नाही ना? तुम्ही तो ऐकत ऐकत उचललात.

आपल्या बोलण्यातला ळ बघा. बाळ, कमळ, टिळक. उत्तरेकडचे अनेक हिंदी बोलणारे लोक टिळकांना ‘तिलक’ म्हणतात, कारण त्यांच्या रोजच्या बोलण्यात ळ नाही. तुम्हाला मात्र ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांतला फरक झोपेतही कळेल.

आणि आपल्याकडे नसलेलं काय? मँडरिन या चिनी भाषेत ‘मा’ वेगवेगळ्या सुरांत म्हटलं की अर्थच बदलतो. आवाज वरच्या पट्टीत सरळ ठेवला तर आई. खाली नेऊन परत वर आणला तर घोडा! वरून झपकन खाली आणला तर रागावणं. चीनमधलं छोटं मूल हे सहज ओळखतं. आपल्याला मात्र कान देऊन ऐकावं लागतं. जपानमध्ये वाढलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ओळखणं असंच कठीण जातं.

मग ज्या घरात दोन भाषा बोलतात तिथे काय होतं? आपल्याकडे अशी घरं पुष्कळ. कुठे मराठी आणि कोंकणी, कुठे मराठी आणि कन्नड, कुठे अहिराणी, गोंडी, उर्दू, तेलुगू. अशा घरातल्या बाळाच्या कानांवर दोन्ही भाषा भरपूर पडल्या, तर त्याचा मेंदू दोन्हींचे आवाज सांभाळतो. बाळाला ते जड होत नाही.

आणि ज्या बाळाला ऐकू येत नाही त्याचं काय? कॅनडात लॉरा-ॲन पेटिटो यांनी कर्णबधिर आईबाबांच्या कर्णबधिर बाळांचं निरीक्षण केलं. ते आईबाबा हातांच्या खुणांच्या भाषेत बोलत. इतर बाळं ‘बाबाबा’, ‘दादादा’ असं बडबडतात त्याच सुमाराला ही बाळं बोटांनी बडबड करायला लागली! खुणांच्या भाषेतले छोटे छोटे तुकडे ती हातांनी पुन्हा पुन्हा करत होती. हा शोध १९९१ मध्ये छापून आला. भाषा कानांतून येवो की डोळ्यांतून, बाळाच्या मेंदूला ती हवीच असते.

टीव्हीनं शिकवलं तर?

अमेरिकेतल्या सिएटल शहरात पॅट्रिशिया कूल यांनी आणखी एक झकास प्रयोग केला. इंग्रजी घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. चार आठवड्यांत बारा वेळा मँडरिन बोलणारी माणसं त्यांच्याशी खेळली. जमिनीवर बसून पुस्तकं दाखवली, खेळणी दाखवली, गप्पा मारल्या. दर वेळी साधारण पंचवीस मिनिटं. मग परीक्षा घेतली, तर ही बाळं मँडरिनमधले दोन अगदी जवळचे आवाज तैवानमधल्या बाळांच्या तोडीनं ओळखू लागली होती!

आता दुसऱ्या बाळांना त्याच माणसांचं तेच बोलणं, तेवढाच वेळ, पण पडद्यावर दाखवलं. तिसऱ्या गटाला नुसतं ऐकवलं. निकाल काय लागला असेल? पडद्यासमोर बसलेली बाळं काहीच शिकली नव्हती. नुसतं ऐकणारीही नाही. आवाज तेच होते, पण बाळानं हसल्यावर हसणारं, बाळानं बाहुलीकडे पाहिल्यावर ‘ही बाहुली’ म्हणणारं माणूस समोर नव्हतं.

हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. तुम्ही मराठी बोलताय, त्यामागे कुणी कुणी माणसं आहेत. अंघोळ घालताना ‘पाणी गार लागतंय का गं?’ म्हणणारी आजी, कडेवर घेऊन ‘तो बघ काऊ’ दाखवणारे आजोबा, भात भरवताना बडबडणारे बाबा, उगाच गुदगुल्या करणारी ताई. तुम्हाला उत्तर देता येत नव्हतं तेव्हाही ही माणसं तुमच्याशी बोलत होती. त्यांच्या त्या बोलण्यानं तुमच्या डोक्यातले जोड पक्के केले.

दार बंद झालं का?

कुणाला वाटेल, ‘म्हणजे पहिल्या वर्षात जे गेलं ते कायमचंच गेलं!’ नाही, तसं नाही. जपानी लोकांना र आणि ल वेगळे ओळखायला शिकवण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले. त्यांना अनेक वेगवेगळ्या माणसांच्या आवाजांतले शब्द ऐकवले आणि दर वेळी उत्तर बरोबर आलं की चूक ते सांगितलं. काही आठवड्यांत त्यांना फरक पहिल्यापेक्षा चांगला कळायला लागला. बाळाला जे खेळता खेळता येतं त्याला मोठेपणी मेहनत पडते, पण येतं! जोड पक्के करायची मेंदूची सवय म्हातारपणापर्यंत सुटत नाही. तबल्यावरचा कायदा असो, भागाकार असो की कन्नड बोलणाऱ्या मित्राची भाषा, पुन्हा पुन्हा केलं आणि चुकलेलं दुरुस्त केलं की तोच जोड पक्का होतो. तुमच्या वयात तर मेहनत मोठ्यांपेक्षा कमीच लागते. म्हणून नवी भाषा शिकायची असेल तर आत्ताच सुरुवात करा.

करून पाहा

१. तुमच्या वर्गात घरी वेगळी भाषा बोलणारं कुणी आहे का? त्यांच्या भाषेतला आपल्याकडे नसलेला एक आवाज त्यांच्याकडून शिकून घ्या. आधी नुसता ऐका, मग म्हणा. पहिल्या दिवशी फरक कळला नाही तर आठवडाभर ऐकत राहा. बदल्यात त्यांना आपले दोन ज शिकवा.

२. घरात किंवा शेजारी चार महिन्यांपासून वर्षापर्यंतचं बाळ असेल, तर मोठ्यांना विचारून त्याच्यासमोर बसा. त्याच्याकडे बघून ‘बाबाबा’ म्हणा आणि थांबा. त्याला उत्तर द्यायला वेळ द्या. ते जे काही करेल, हसेल, ओठ हलवेल, हात उडवेल, त्याला पुन्हा उत्तर द्या.

३. मग त्याच्याशी तुमच्या भाषेत भरपूर बोला. काय बोलायचं ते सुचत नसेल तर करताय तेच सांगा : ही मेथी, ही जुडी सोडली, हे पान हातानं खुडलं, हा देठ टाकला, ही टोपली भरली. त्यात त आणि ट दोन्ही येतात. बाळाला अर्थ कळणार नाही, पण त्याचा मेंदू कामाला लागलेला असेल. त्यासाठी फी नाही, पुस्तक नाही, मोबाइल तर नकोच. फक्त तुम्ही हवेत. जा, बोलायला लागा!